शालेय मैत्री, आंतरसमाजीय (ठाणे व नवी मुंबई)

निरनिराळ्या भाषिक, प्रांतीय, धार्मिक किंवा जातीय घरांतून आलेल्या मुलामुलींची शाळेत जुळलेली आणि शाळा सुटल्यानंतरही दीर्घकाळ टिकलेली मैत्री. एका वर्गात असणे किंवा एका बॅचचे म्हणून वर्षातून एकदा भेटणे एवढ्याने ही संज्ञा पूर्ण होत नाही. दहावीनंतर वाटा वेगळ्या झाल्यावरही ज्यांचे एकमेकांच्या घरी जाणे-येणे चालू राहते आणि अडीअडचणीला ज्यांना बोलावणे धाडावे लागत नाही, अशांच्या नात्याचा येथे विचार केला आहे. ठाणे आणि खाडीपलीकडची नवी मुंबई ही शहरे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. दोन्हीकडची वस्ती संमिश्र आहे, मात्र ती संमिश्र होण्याची रीत दोन्हीकडे अगदी वेगळी आहे आणि तो फरक थेट शाळेच्या बाकापर्यंत पोहोचलेला दिसतो.

ठाण्यात निरनिराळे समाज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी, परंतु बहुधा आपापल्या आळीत राहत आले. चेंदणीचा कोळीवाडा, राबोडीतील मुस्लिम वस्ती, मासुंदा तलावाच्या परिसरातील जुन्या चर्चच्या आधाराने राहिलेली ख्रिस्ती कुटुंबे, फाळणीनंतर कोपरीत वसलेले सिंधी निर्वासित, अशी ही रचना होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहिले, तेव्हा दाक्षिणात्य, पंजाबी आणि गुजराती नोकरदारांची मुले शहरातील वर्गांत मोठ्या संख्येने आली. ठाण्यातील बेने इस्रायली ज्यूंचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. त्यांचे ‘शार हाशमाइम’ हे सिनेगॉग १८७९ मधील आहे. मातृभाषा मराठी, आडनावे कोकणातील गावांवरून आलेली आणि ‘कर’ने संपणारी; त्यामुळे हजेरीपटावरचे आडनाव वाचून शेजारी बसलेल्या मुलाचा धर्म निराळा आहे हे वर्गाला कळतही नसे. ते कळे शनिवारच्या शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, निमित्ताने किंवा घरी मलिद्याचा (गोड पोह्यांच्या नैवेद्याचा) विधी झाला म्हणजे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि ठाण्यातील अनेक शालेय मैत्र्या पुढे पत्रांवर जगल्या.

नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची (शहर व औद्योगिक विकास महामंडळाची) स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्यात आल्या. वाशी हा पहिला नोड, म्हणजे आखणीतील स्वतंत्र उपनगर. सेक्टरमध्येच बाजार, मैदान आणि शाळा असावी, मुलांना चालत शाळेत जाता यावे, हे आखणीचे सूत्र होते. सिडकोने बांधलेली घरे उत्पन्नगटांनुसार वाटली गेली, त्यामुळे जिन्यात समोरचे दार कोणाचे असेल हे भाषा किंवा जात ठरवत नसे. तमिळ बँक कर्मचारी, मल्याळी परिचारिका, कोकणातून गिरणगावात आणि तेथून इकडे आलेले मराठी कुटुंब, बंगाली अभियंता यांची मुले एकाच जिन्याने उतरून एकाच शाळेत जाऊ लागली. मानखुर्द–वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत मुंबईशी संबंध मुख्यतः खाडीपुलावरून धावणाऱ्या बसनेच राखावा लागे. नातेवाईक खाडीच्या पलीकडे आणि शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास, अशा स्थितीत वर्गातील मुलेच भावंडांच्या जागी आली. त्या पहिल्या दोन दशकांतील वाशी, नेरूळ आणि बेलापूर येथील विद्यार्थ्यांच्या मैत्र्या इतक्या घट्ट राहिल्या, याचे मोठे कारण या एकटेपणात आहे असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

बाक आणि शेजार. अशा मैत्रीची सुरुवात क्वचितच निवडीतून होते. वर्गशिक्षिका उंचीनुसार किंवा हजेरीक्रमांकानुसार मुलांना बसवतात आणि वर्षभर शेजारी कोण असेल हे ठरून जाते. शेजाराचे हे सामर्थ्य संशोधनातूनही सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत जागा आणि खोल्या आडनावाच्या आद्याक्षरानुसार दिल्या जात. तेथे प्रशिक्षणार्थींची मैत्री वर्णमालेत जवळ असलेल्यांशीच अधिक झाली, असे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हंगेरीतील ग्रामीण शाळांमध्ये बसण्याच्या जागा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगाने ठरवून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेजारी बसवलेल्या मुलांनी एकमेकांना मित्र म्हणण्याची शक्यता १५ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेली. एरवी एकमेकांपासून दूर राहिली असती अशी मुलेही त्या शेजारामुळे मित्र झाली.

केवळ जवळ आणून बसवल्याने दुरावा नाहीसा होतो असे मात्र नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या संपर्क-सिद्धांतानुसार समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा असला तरच समाजासमाजांतील संपर्क पूर्वग्रह कमी करतो. थॉमस पेटिग्रू यांनी १९९८ मध्ये त्यात मैत्री होण्याच्या संधीची, म्हणजेच पुरेशा काळाची, भर घातली. उत्तर प्रदेशातील गावांत निरनिराळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन केलेला क्रिकेटचा प्रयोग येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. एकाच संघात खेळलेल्यांच्या आंतरजातीय मैत्र्या वाढल्या, पण विरुद्ध संघांत खेळून झालेल्या संपर्काचा परिणाम उलटा झाला. दिल्लीतील खासगी शाळांच्या अभ्यासात गरीब घरांतील सहाध्यायी लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. हा अभ्यास आर्थिक स्तरांविषयीचा असला, तरी शिक्षणहक्क कायद्याने (२००९) खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्यामुळे आपल्याकडील वर्गांनाही तो लागू पडतो.

डबा आणि उंबरठा. मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणे ही या मैत्रीची पहिली खूण मानली जाते. इडली-चटणी देऊन पोळीभाजी घेणे, मेथीच्या थेपल्यांसाठी रांग लागणे, सुकटीचा वास आला म्हणून कोणी नाक मुरडणे आणि त्यावरून भांडण होणे, हे सर्व या दोन्ही शहरांतील वर्गांनी पाहिले आहे. शाकाहारी डबा सर्वांपुढे ठेवता येतो, मासळीचा किंवा मटणाचा मात्र झाकणाआडून खावा लागतो, ही असमानता दहा वर्षांच्या मुलालाही समजते आणि बोचते. आपल्या आगरी मैत्रिणीच्या डब्यातील तांदळाची भाकरी आणि सुकट उघड्यावर आणण्याचा आग्रह धरणारी मुलगी त्या वयात फार मोठे काम करत असते.

तरीही डबा शाळेच्या हद्दीतच राहतो. मैत्री टिकेल की नाही हे ठरते ते मूल दुसऱ्याच्या घरात कुठपर्यंत जाते यावरून. दारातून हाक मारून मित्राला खाली बोलावणे ही एक पायरी. बाहेरच्या खोलीत बसून सरबत पिणे ही दुसरी. स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभे राहणे आणि मित्राच्या आईने न विचारता ताट वाढणे ही अगदी वेगळी. ज्यांची मैत्री तीस-चाळीस वर्षे टिकली, त्यांच्या आठवणींत हे स्वयंपाकघर हमखास येते. मग मैत्रिणीची आई ‘काकू’ असते, ‘अम्मा’ असते किंवा ‘अम्मी’ असते आणि हे संबोधन आयुष्यभर तसेच राहते. दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा, नाताळचे कुलकुल, ओणमचे केळीच्या पानावरचे जेवण यांची देवाणघेवाण पुढे घराघरांची होऊन जाते. मुलांमुळे वडीलधारी माणसेही बदलतात. आपल्या माणसाचा परसमाजातील मित्र पाहूनदेखील त्या समाजाविषयीचे मत निवळते, असे स्टीफन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. सोवळे पाळणाऱ्या आजीने नातवाच्या मुस्लिम मित्रासाठी बाजूला ठेवलेला लाडू हे त्याचेच आपल्याकडील रूप होय.

भाषा. या मैत्र्यांची भाषा बहुधा एक नसते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत वर्गात इंग्रजी, मैदानावर मुंबईची हिंदी आणि घरोघरी आणखी काही, असे चालते. मराठीची परीक्षा जवळ आली की तमिळ किंवा पंजाबी मुलगा मराठी मित्राच्या घरी निबंध समजून घ्यायला येतो, आणि गणितात अडलेला मराठी मुलगा त्याच्याकडे जातो. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले. परंतु नेरूळमध्ये वाढलेल्या मल्याळी माणसाच्या तोंडी जी सहज मराठी असते, ती बहुतेक वेळा पुस्तकातून आलेली नसून एखाद्या मित्राच्या घरातून आलेली असते. त्याच्या उच्चारात त्या घराची बोलीही उतरते.

मर्यादा. बाक ज्यांना वाटून मिळाला त्यांचीच मैत्री होऊ शकते, आणि बाक सर्वांना वाटून मिळालेला नाही. नवी मुंबईत सर्वांत रुंद दरी तमिळ-मराठी किंवा हिंदू-ख्रिस्ती अशी नव्हती. ती ‘गाव’ आणि ‘सेक्टर’ यांच्यात होती. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्या आगरी आणि कोळी प्रकल्पग्रस्तांची मुले बराच काळ गावातल्या मराठी शाळांत जात राहिली आणि सेक्टरमधली मुले इंग्रजी माध्यमात. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि या संघर्षातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देणारी ‘साडेबारा टक्के योजना’ आली. त्या काळात सेक्टरमध्ये वाढलेल्या अनेकांना या घटनेची माहिती प्रौढपणी झाली, कारण ती सांगू शकेल असा मित्र त्यांच्या वर्गातच नव्हता. ही उणीव साधी नाही. बाजार समिती मुंबईतून तुर्भे-वाशी भागात आल्यावर कोपरखैरणे व घणसोली येथे वसलेल्या माथाडी (बाजारात ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या) कुटुंबांच्या मुलांबाबतही थोड्याफार फरकाने हेच घडले. ठाण्यात मराठी आणि उर्दू माध्यमांच्या शाळांनी एका रस्त्यावरची मुले दोन वर्गांत वाटली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात राहायला गेली. मुलांच्या शाळा बदलल्या आणि वर्षानुवर्षांचे शेजारी एका सत्रात दिसेनासे झाले.

जातीविषयीचे मौन ही आणखी एक मर्यादा. धर्म आणि प्रांत यांवरून वर्गात थट्टा होते, ‘अण्णा’ किंवा ‘पापे’ अशी नावे पडतात आणि पुष्कळदा ती प्रेमाने आयुष्यभर चिकटतात. ज्याला ती चिकटली त्याला ती आवडली होती का, हे विचारले जात नाही. जात मात्र उघड बोलली जात नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना किंवा दहावीनंतर प्रवेशाच्या वेळी ती एकाएकी समोर येते आणि सात-आठ वर्षांच्या मित्रांत पहिल्यांदा अवघडलेपण येते. या वळणावर तुटलेल्या मैत्र्यांची संख्या थोडी नसावी, कारण पुढे त्यांविषयी कोणी बोलत नाही.

दहावीनंतर. कनिष्ठ महाविद्यालय, नोकरी, लग्न आणि परदेश या टप्प्यांवर बहुतेक शालेय मैत्र्या विरळ होतात. घर घेताना किंवा भाड्याने शोधताना समाजाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. विशिष्ट समाजापुरते सदस्यत्व ठेवणाऱ्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात ग्राह्य धरला. आणि नियम नसतानाही अन्न किंवा धर्म यांवरून घर नाकारले जाण्याचे अनुभव सर्रास ऐकू येतात. अशा वेळी वर्गमित्र मध्यस्थी करतो, घरमालकापुढे हमी देतो, क्वचित स्वतःचे घर देतो. आंतरधर्मीय लग्नाच्या प्रसंगी साक्षीदार म्हणून नोंदणी कार्यालयात उभे राहणारेही पुष्कळदा शाळेतलेच असतात. व्हॉट्सअॅपवरील बॅचच्या गटांमुळे संपर्क सोपा झाला, पण तेथे येणाऱ्या एखाद्या राजकीय संदेशाने दुखावून गट सोडणारेही आहेत. अशा वेळी जुने मित्र त्याला गटात परत ओढण्याऐवजी फोन करतात किंवा घरी जातात.

वाशी-नेरूळमधील पहिल्या पिढीचे पालक आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची मुले पुष्कळदा परदेशात किंवा दुसऱ्या शहरात आहेत. त्यांच्या घराची जादा किल्ली बऱ्याच ठिकाणी मुलाच्या एखाद्या वर्गमित्राकडे असते. रात्री-अपरात्री रुग्णालयात नेणे, बँकेची कागदपत्रे पाहणे, दिवाळीला फराळ आणि ईदला शीरखुर्मा पोहोचवणे हे तोच करतो. अम्मा त्याच्याशी तमिळ वळणाच्या मराठीत बोलतात आणि जेवायला वेळ आहे का हे न विचारता ताट वाढतात.