तोच डाग, तीच जागा: दोन 'फिक्स्ड'ची पार्श्वभूमी

जुलाबावर गोळी घेतली, दोन तासांत खालचा ओठ चुरचुरायला लागला आणि संध्याकाळपर्यंत तिथे गोल, जांभळट चट्टा उमटला. मागच्या पावसाळ्यातही नेमका तिथेच उमटला होता. घरचे म्हणतात, उष्णता झाली. त्वचारोगाचे डॉक्टर याला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात, म्हणजे औषधाने दर वेळी ठरलेल्या जागीच उठणारा चट्टा.

१८८९ मध्ये अँटिपायरिन या तापाच्या औषधाने उठणाऱ्या अशा डागांची नोंद झाली आणि १८९४ मध्ये एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने त्यांना 'फिक्स' हे विशेषण लावलं. पुढे जंतूंवरची औषधं आली, सल्फा आली, टेट्रासायक्लिन आली. डाग तसाच उठत राहिला. जागा का बदलत नाही, हे उलगडलं ते गेल्या तीसेक वर्षांत. चट्टा विरला तरी काही टी-पेशी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, तिथल्याच कातडीत मुक्काम करतात आणि औषध पुन्हा पोटात गेलं की उठतात. म्हणून पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे लागतात, नंतर काही तासच.

आपल्याकडे दुसरा 'फिक्स्ड' येऊन घोळ होतो. 'फिक्स्ड डोस कॉम्बिनेशन' म्हणजे ठरावीक मात्रेत दोन-तीन औषधं एकाच गोळीत. पहिल्यात जागा ठरलेली, दुसऱ्यात मात्रा. पण जुलाबावरची ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जोडगोळी घेऊन डाग उठला, तर दोष दोघांतल्या कुणाचा? दोन्ही औषधांनी हा डाग उठू शकतो. रुग्ण सांगतो, 'पोटाची गोळी सोसत नाही', आणि पुढच्या वेळी दुसऱ्या नावाने तेच औषध त्याच्या हाती पडतं.

मार्च २०१६ मध्ये केंद्राने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कारण हा डाग नव्हता. एकत्र देण्याला वैद्यकीय आधार नाही, हे होतं. डिसेंबरात उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली: कायद्याने नेमलेल्या सल्लागार मंडळाला विचारलंच नव्हतं. आक्षेप प्रक्रियेवर होता, औषधं चांगली की वाईट यावर नाही, आणि तरीही ती दुकानांत राहिली. हे मला आजही पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण त्या मंडळाकडे धाडल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली, २०२४ मध्ये आणखी १५६.

ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या आजही मिळतात. चिठ्ठी नसली तरी मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो. औषधांची नावं बहुतेकदा उरलेल्या पट्टीवर, त्याच्याच खोक्यात राहतात.