कप : वापरून टाकायचे आणि पुन्हा वापरायचे

पेय पिण्याच्या भांड्यांचे वापराच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. एकदा पिऊन झाले की फेकायचे ते एकल-वापराचे, म्हणजे बोलण्यातले ‘यूज अँड थ्रो’ कप. धुऊन वर्षानुवर्षे वापरायचे ते टिकाऊ कप. पहिल्या वर्गात कागद, थर्माकोल आणि पातळ प्लॅस्टिक येते; दुसऱ्यात चिनी माती, काच, स्टील आणि जाड प्लॅस्टिक. यांतला चांगला कोणता, हे बहुतेक जण पदार्थ पाहून ठरवतात. प्रत्यक्षात कप किती वेळा वापरला आणि कसा धुतला, यावर निकाल अधिक अवलंबून असतो.

एकल-वापराचा कप आज कचऱ्याचे प्रतीक झाला असला, तरी त्याचा जन्म आरोग्याच्या काळजीतून झाला. अमेरिकेत रेल्वेत, शाळांत आणि पाणपोयांवर साखळीला बांधलेला एकच पेला सगळे वापरत. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने अशा सामाईक पेल्यावर बंदी घातली. त्याच सुमारास लॉरेन्स लुएलन आणि ह्यू मूर यांनी कागदी कप बाजारात आणला. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्याचा प्रसार झपाट्याने झाला आणि १९१९ मध्ये त्याला ‘डिक्सी कप’ हे नाव मिळाले.

कागदी कपाची घडण

कागदी कप नुसत्या कागदाचा नसतो. जाड पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचे अस्तर चढवलेले असते. ते कपाच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरते. पंख्याच्या आकाराचा तुकडा साच्याभोवती गुंडाळून उभा सांधा उष्णतेने दाबतात. अस्तरच वितळून चिकटते, वेगळा गोंद लागत नाही. मग गोल बूड बसवून भिंतीची खालची कड आत दुमडतात आणि वरचा काठ बाहेर वळवतात. हा वळवलेला काठच कपाला ताठपणा देतो.

गळती बहुधा दोन ठिकाणी होते : बुडाच्या घडीत आणि उभ्या सांध्यात. सांध्याच्या आतल्या कडेला पुठ्ठा कापलेला असतो आणि त्या कापावर अस्तर नसते. तिथून द्रव हळूहळू शोषला जातो. ताजा भरलेला कप नीट वाटतो आणि तासा-दोन तासांनी मऊ पडतो, तो यामुळे. सांध्यावर पुठ्ठ्याचे दोन थर येत असल्याने काठही तिथे किंचित उंच असतो आणि झाकण पक्के बसत नाही. म्हणून झाकणाचे पिण्याचे भोक सांध्यावर येऊ देऊ नये. कप तिरपा केला की नेमके तिथूनच थेंब गळतात. गरम पेयाच्या कपात बर्फाचे पेय भरल्यास बाहेरून दव धरते आणि अस्तर नसलेली बाहेरची बाजू भिजते. थंड पेयासाठी दोन्ही बाजूंनी अस्तर असलेला कप घ्यावा लागतो.

हे अस्तर दोन तक्रारींचे मूळ आहे. पहिली पुनर्चक्रणाची. लगदा करताना प्लॅस्टिकचा पापुद्रा कागदापासून वेगळा करावा लागतो आणि साध्या रद्दीच्या कारखान्यांत ती सोय बहुधा नसते. त्यामुळे रद्दीच्या ढिगात टाकलेला कप रद्दी बिघडवतो. दुसरी तक्रार सूक्ष्म प्लॅस्टिकची. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलि. पाणी कागदी कपात १५ मिनिटे ठेवले, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. ‘जैवविघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कपांत अस्तर पॉलिलॅक्टिक आम्लाचे, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकचे असते. ते मातीत पडून आपोआप विरघळत नाही. त्यासाठी ५५ ते ६० अंश तापमान टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. याच पदार्थाचा पारदर्शक पेला साधारण ६० अंशांना मऊ होतो, त्यामुळे त्यात गरम पेय ओतू नये.

थर्माकोल म्हणजे वाफेने फुगवलेले पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक. त्यात जवळपास सगळी हवाच. कप सुमारे २ ग्रॅमचा, तर तेवढाच कागदी कप ८ ग्रॅमच्या आसपास. हात भाजत नाही आणि पेयही गरम राहते. लिंबाच्या सालीतले तेल मात्र त्याला विरघळवते. त्याचा खरा दोष कप तुटल्यावर दिसतो : दाणे सुटे होऊन वाऱ्यावर आणि पाण्यावर पसरतात आणि गोळा करता येत नाहीत. युरोपीय संघाने ३ जुलै २०२१ पासून असे कप बाजारातून हद्दपार केले. भारतात १ जुलै २०२२ पासून एकल-वापराच्या प्लॅस्टिकच्या बंदीत कप आणि ग्लासही आहेत.

किती वापरांनंतर फायदा?

या प्रश्नाचे सर्वांत उपयोगी गणित कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये मांडले. त्यांच्या हिशेबात चिनी मातीचा एक कप बनवायला सुमारे १४ मेगाज्यूल, जाड प्लॅस्टिकच्या कपाला ६.३, काचेच्या कपाला ५.५, कागदी कपाला ०.५५ आणि थर्माकोलच्या कपाला ०.२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. यंत्रात एकदा धुण्याचा खर्च ०.१८ मेगाज्यूल. कागदी कपाच्या तुलनेत टिकाऊ कप प्रत्येक वापराला ०.५५ वजा ०.१८, म्हणजे सुमारे ०.३७ मेगाज्यूल वाचवतो. त्यावरून चिनी मातीचा कप ३९, प्लॅस्टिकचा १७ आणि काचेचा १५ वापरांत आपली ऊर्जा फेडतो. थर्माकोलशी तुलना केली की हाच चिनी मातीचा कप १,००६ वापर मागतो, कारण धुण्याचा खर्च आणि थर्माकोलचा नवा कप बनवण्याचा खर्च जवळपास सारखा होतो.

१,००६ हा आकडा अनेकदा टिकाऊ कपांविरुद्ध पुरावा म्हणून फेकला जातो. तो फार नाजूक आहे, हे सांगायचे राहून जाते. धुण्याचा खर्च ०.१८ वरून ०.१ मेगाज्यूलवर आणला, तर तो सुमारे १४४ वर येतो; ०.२ च्या वर गेला, तर थर्माकोलला गाठणे कधीच शक्य नाही. घरच्या सिंकशी ताडून पाहता येते. एक लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ०.१७ मेगाज्यूल लागतात. एक कप धुवायला एक लिटर गरम पाणी वापरले, की थर्माकोलच्या तुलनेतल्या बचतीचा मोठा भाग तिथेच वाहून गेला. गार पाण्याने धुतल्यास हा खर्च जवळपास उरत नाही. शिवाय हे गणित फक्त ऊर्जेचे आहे. रस्त्यावरचा कचरा, नाल्यात अडकलेले दाणे आणि जंगलतोड यांचा हिशेब त्यात नाही.

टिकाऊ कपांचे पदार्थ

स्टीलच्या चांगल्या कपांत ३०४ दर्जाचे पोलाद असते : साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. दुहेरी भिंतीच्या कपात दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते. ही निर्वात जागा टिकली आहे का, हे पाहायला कप उकळत्या पाण्याने भरून झाकण लावावे आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात लावावा. बाहेरची भिंत गरम लागली, तर निर्वात गेले, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. जमिनीवर आपटणे हे नेहमीचे कारण. क्लोरीनयुक्त ब्लीचने पोलादावर बारीक खड्डे पडतात, म्हणून ते टाळावे.

बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच प्रसरण पावते, म्हणून अचानक गरम पाणी ओतले तरी सहसा तडकत नाही. ‘बांबू’चे म्हणून विकले जाणारे बरेच कप प्रत्यक्षात बांबूची पूड घातलेल्या मेलामाइन रेझिनचे (एक कडक प्लॅस्टिक) असतात, ७० अंशांच्या वर त्यांतून मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड ही रसायने पेयात उतरू शकतात. गरम पेयाला ते घेऊ नयेत.

अनामत योजना

कार्यक्रमांत आणि उपाहारगृहांत अनामत रक्कम घेऊन कप देतात व परत केल्यावर ती फेडतात. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून बरोबर न्यायच्या पेयासाठी विक्रेत्यांना पुन्हा वापरायचा पर्याय ठेवावा लागतो (छोट्या दुकानांना काही सवलती आहेत). अशा योजनेचे यश परतीच्या दराने मोजतात. एक कप सरासरी किती फेऱ्या करतो, हे एक भागिले न परतणाऱ्यांचे प्रमाण असे निघते : ९० टक्के कप परतले तर १० फेऱ्या, ९५ टक्क्यांना २०, ९८ टक्क्यांना ५०. हॉकिंग यांचा १७चा आकडा धरला, तर ९० टक्क्यांवर चालणारी प्लॅस्टिक कपांची योजना कागदाशीही हरते. कपावर कार्यक्रमाचे नाव आणि तारीख छापली की लोक तो आठवण म्हणून घरी नेतात आणि उरलेले कप पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. साधा, बिनतारखेचा कप घेतलेला बरा.

किती कप लागतील, यासाठी गर्दीच्या तासाला लागणारे कप गुणिले कप परत येऊन धुऊन वाळेपर्यंतचे तास, असा हिशेब करतात. तासाला ५०० कप आणि तीन तासांचे चक्र असेल, तर १,५०० आणि वर किमान दहा टक्के.

धुणे आणि वाळवणे

दुधाचे पेय असेल तर आधी गार पाण्याने खळबळावे. थेट गरम पाणी घातल्यास दुधातली प्रथिने भिंतीला चिकटून बसतात. व्यावसायिक यंत्रांत शेवटचे खळबळणे ८२ अंशांच्या आसपासच्या पाण्याने करतात. चिनी माती आणि काच त्या उष्णतेने स्वतःच वाळतात, पण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवत नाही आणि ओलेच बाहेर येते. ओले कप एकात एक रचले की कुबट वास येतो आणि पुढच्या पेयाला तो लागतो. जाळीवर पालथे घालून कोरडे करावेत, मगच रचावेत.

झाकणाच्या कपात घाण साठते ती सिलिकोनच्या रबरी कडीखाली. ती रोज बोथट टोकाने उचकटून वेगळी धुवावी. तिच्याखाली काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे आणि कडी बदलावी. आतले तपकिरी डाग काढायला २५० मिलि. गरम पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावे. त्या वेळी झाकण लावू नये, कारण गरम पाण्यात सोड्यातून वायू सुटतो आणि बंद कपात दाब वाढतो. वाळलेला कप ठेवतानाही झाकण बाजूलाच असावे.