जहाजाचाच धूर मोजायचा नसेल तर

गोव्यातल्या वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराच्या मोहिमा इथून आखल्या जातात, आणि त्यांत जहाजावरून हवेतले वायू आणि काजळी मोजतात. तिथली हवा इतकी स्वच्छ असते की मोजणीतली चूक मोजायच्या गोष्टीपेक्षा मोठी ठरू शकते.

कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन लेसरने मोजतात. वीतभर पोकळीतल्या आरशांमध्ये किरण फिरत राहतो आणि कित्येक किलोमीटर अंतर कापतो. मग लेसर बंद करून प्रकाश किती मायक्रोसेकंदांत विझतो ते पाहायचं. वायू जास्त असेल तर तो लवकर विझतो.

खरा घात करते ती वाफ. दमट गोव्यात हवेतली वाफ 3 टक्क्यांपर्यंत जाते, बर्फाजवळ ती अर्ध्या टक्क्याहून कमी असते. कोरड्या हवेत 420 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 420) कार्बन डायऑक्साइड असेल, तर 3 टक्के वाफ तो आकडा 12-13 पीपीएमने खाली ओढते. ही दुरुस्ती केली नाही तर मुरगावहून निघालेल्या जहाजाला दक्षिणेकडे जाताना वायू दहा पीपीएमने वाढल्यासारखा दिसेल. आणि जागतिक हवामान संघटनेला दक्षिण गोलार्धात प्रयोगशाळांचे आकडे 0.05 पीपीएमच्या आत जुळायला हवेत! म्हणून हवा आधी वाळवायची आणि ठरावीक तासांनी प्रमाणित हवेचे सिलिंडर जोडून यंत्र ताडून पाहायचं. सिलिंडर बदलल्यावरची पहिली काही मिनिटं टाकून द्यायची, कारण नळीत आधीची हवा उरलेली असते. एसी लावलेल्या केबिनमध्ये शिरताना नळीत दव धरतं, ते वेगळंच.

काजळीचं यंत्र हवा गाळणीच्या फितीतून ओढतं आणि 880 नॅनोमीटरचा प्रकाश किती अडला ते पाहतं. वास्कोच्या खिडक्यांवर बसते ती कोळशाची भुकटी. काजळी मात्र ज्वाळेतून जन्मते, समईवर धरते तशी, आणि तिचे कण फार बारीक असतात. साध्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर विजेमुळे ते वाटेतच चिकटतात, म्हणून नळी धातूची हवी. फितीवरचा काजळीचा डाग गडद होत गेला की यंत्र कमी आकडा दाखवू लागतं, मग फीत पुढे सरकवायची. ध्रुवाकडे काजळी घनमीटरला बहुधा शंभर नॅनोग्रॅमच्याही खाली असते, तेव्हा तासाची सरासरी घेतल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवू नये.

एवढं करूनही जहाजाची स्वतःची चिमणी उरतेच. नळीचं तोंड नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उंच बांधतात आणि वारा समोरून असतानाचेच आकडे घेतात. पाण्याचे नमुने काढायला जहाज थांबलं की धूर उलटा फिरतो, काजळी आणि कार्बन डायऑक्साइड एकदमच उसळतात. ते तास वहीत खूण करून वगळायचे, मग कितीही जीवावर येवो.