शाळेचं सर्टिफिकेट फोनमध्ये आलं कुठून?

शाळेचं वाय-फाय हवं असेल तर आधी हे सर्टिफिकेट टाका, अशी एका ओळीची सूचना आणि सोबत एक फाईल. ती फाईल म्हणजे वाय-फायच्या पासवर्डचाच एखादा प्रकार असावा, अशा समजुतीने मुलं आणि पालकही ती टाकून मोकळे होतात. अँड्रॉइड ११ पासून फोन मधेच थांबवून एक इशारा दाखवतो: तुमचा डेटा खासगी राहणार नाही. इतका सरळ इशारा फोन क्वचितच देतो, पण तासाला पोहोचायची घाई असलेल्या मुलाला तो आणखी एक 'ओके' वाटतो.

याची मुळं १९९५ पर्यंत जातात. नेटस्केप कंपनीने त्या वर्षी आपल्या ब्राउझरमध्ये एसएसएल आणलं, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातला मजकूर कुलूपबंद करण्याची पद्धत. क्रेडिट कार्डाचा नंबर वाटेत कुणी वाचू नये, ही तेव्हाची मोठी काळजी. पण नुसतं कुलूप लावून भागत नाही. पलीकडे खरंच तेच दुकान आहे, याची कुणीतरी हमी द्यावी लागते. अशी सहीनिशी दिलेली हमी म्हणजे सर्टिफिकेट. ती देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांची रूट सर्टिफिकेटं, म्हणजे ज्यांच्या आधारे त्यांच्या सह्या खऱ्या मानायच्या ती मूळ सर्टिफिकेटं, ब्राउझरमध्ये, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासूनच भरलेली येऊ लागली. यात एक गोम होती आणि अजूनही आहे. यादीतली कोणतीही संस्था जवळजवळ कोणत्याही साइटच्या नावाने सही करू शकते, आणि या यादीत नवं नाव घालण्याची मुभा फोनच्या मालकालाही असते.

शाळांचा धागा वेगळा. अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट' झाला. इंटरनेटच्या खर्चात सरकारी सवलत हवी असेल, तर अश्लील चित्रं अडवणारी यंत्रणा लावणं शाळांना भाग पडलं. तेव्हा ते सोपं होतं. बहुतेक वेब उघडंच होतं. फिल्टर पानाचा पत्ता आणि मजकूर वाचायचा आणि ठरवायचा.

मग वेबला कुलुपं लागत गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये 'फायरशीप' नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं. उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात शिरायला दोन-चार क्लिक पुरतात, हे त्याने सगळ्यांना दाखवून दिलं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने साइटना सर्टिफिकेटं फुकट वाटायला सुरुवात केली. फिल्टरला आता जेमतेम साइटचं नाव दिसू लागलं. गुगलवर काय शोधलं, यूट्यूबचा कोणता व्हिडिओ लावला, हे दिसेना. शाळांची अडचण खरी होती, हे मान्य करायलाच हवं.

त्यावर उपाय निघाला तो मधे बसण्याचा. मूल जीमेल उघडतं. फिल्टर फोनला सांगतो, मीच जीमेल. आणि जीमेलला सांगतो, मीच तो फोन. त्यासाठी तो तिथल्या तिथे जीमेलच्या नावाचं सर्टिफिकेट तयार करतो आणि त्यावर शाळेच्या रूटची सही ठोकतो. फोनमध्ये तो रूट नसेल तर ब्राउझर आरडाओरडा करतो. असेल तर कुलूप जसंच्या तसं दिसतं, आणि पासवर्डापासून डॉक्टरांना लिहिलेल्या मेलपर्यंत सगळं फिल्टरच्या पेटीत उघडं होतं. त्यातलं किती नोंदवून ठेवायचं, हा पेटीतल्या एका सेटिंगचा प्रश्न. बँकांच्या साइट वगळायची सोय अशा फिल्टरमध्ये असते, पण ती यादी मूल नव्हे, शाळा भरते.

शाळेच्या मालकीच्या लॅपटॉपवर हे चालवणं एक गोष्ट. स्वतःचा फोन मात्र घरी जातो. इथे एक गैरसमज काढून टाकतो. घरच्या वाय-फायवर ते सर्टिफिकेट आपणहून कुणाला काही पाठवत नाही. (फाईलऐवजी सेटिंगचा अख्खा गठ्ठा, म्हणजे प्रोफाइल, टाकायला लावलं असेल आणि त्यात फोनची वाहतूक दुसरीकडून वळवणारा प्रॉक्सी किंवा व्हीपीएन असेल, तर गोष्ट वेगळी.) खरा धोका किल्लीचा. रूटची खासगी किल्ली, म्हणजे ज्याने त्याच्या नावाने सही करता येते ते गुपित, ज्याच्या हाती पडेल आणि जो तुमच्या वाटेवर बसू शकेल, त्याच्यासाठी तो फोन उघडा, मग नेटवर्क कुठलंही असो.

किल्ल्या हाती पडतात. २०११ मध्ये डिजिनोटार या सर्टिफिकेटं देणाऱ्या डच संस्थेत घुसखोरी झाली, गुगलच्या नावाने खोटी सर्टिफिकेटं निघाली आणि इराणमधल्या लोकांचं जीमेल त्यावर वाचलं गेलं. संस्थेचं त्याच वर्षी दिवाळं निघालं. ती निदान पेशाने सुरक्षा सांभाळणारी होती. मला अधिक बोलकं वाटतं ते फेब्रुवारी २०१५ चं लेनोवो प्रकरण. जाहिराती घुसवण्यासाठी त्यांच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचं सॉफ्टवेअर भरलेलं होतं, सोबत त्याचं रूट सर्टिफिकेट. सगळ्या लॅपटॉपांत किल्ली एकच, आणि तिचा पासवर्ड म्हणजे ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव: कोमोडिया. एका संशोधकाने तो काही तासांत शोधून काढला. शाळेच्या सर्व्हरवरची किल्ली याहून नीट जपली जाते, हे पालकाने कशावरून मानायचं? २०१९ मध्ये तर कझाकस्तान सरकारनेच नागरिकांना असं सर्टिफिकेट टाकायला सांगितलं. ऑगस्टमध्ये गुगल, मोझिला आणि ॲपलने ते आपापल्या ब्राउझरमध्ये बाद केलं.

फोन बनवणारे तोवर सावध झाले होते. अँड्रॉइड ७ पासून, २०१६ मध्ये, वापरणाऱ्याने टाकलेल्या रूटवर नवी ॲप आपणहून विश्वास ठेवत नाहीत. क्रोमसारखा ब्राउझर मात्र ठेवतो. आयओएस १०.३ पासून हाताने टाकलेल्या रूटला सेटिंगमध्ये खोल जाऊन वेगळा 'पूर्ण विश्वास' द्यावा लागतो. शाळेच्या वाय-फायवर काही ॲप अडून बसतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. काही शाळा-कॉलेजांचं वाय-फाय प्रत्येकाच्या वेगळ्या नाव-पासवर्डावर चालतं, आणि समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासायला तिथेही सर्टिफिकेट लागतं. ते निरुपद्रवी, किंबहुना चांगलंच. फाईल दिसायला सारखीच असते. फरक ती कुठल्या कप्प्यात जाते त्याचा. अँड्रॉइड टाकताना विचारतो: 'वाय-फाय सर्टिफिकेट' की 'सीए सर्टिफिकेट', म्हणजे वर सांगितलेला रूट? सूचनेत 'सीए' लिहिलेलं असेल, तर शाळेच्या संगणक विभागाला कारण विचारावं. टाकून झालंच असेल, तर शाळेत बसून ब्राउझरमध्ये जीमेलसारखी साइट उघडावी (बँकेची नको, ती वगळलेली असू शकते), पत्त्याशेजारच्या चिन्हावर जाऊन सर्टिफिकेट कुणी दिलं ते वाचावं, आणि मग घरच्या वाय-फायवर तेच पुन्हा करून दोन्ही नावं ताडून पाहावीत.