'लो रेसिड्यू' पथ्य आलं कुठून?

क्रोन्स किंवा कोलायटिस, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज येणारे आजार, झालेल्यांच्या हातात कधी ना कधी 'लो रेसिड्यू' म्हणजे कमी फायबरच्या (चोथ्याच्या) पथ्याचा तो कागद पडतोच, डावीकडे 'चालेल', उजवीकडे 'टाळा'. आमच्या घरी आला त्यावर किती दिवस पाळायचं ते लिहिलेलंच नव्हतं, आणि वर्षभरात वजन, लोह, बी-१२ सगळं खाली गेलं तरी आम्ही यादी सोडली नाही.

१९३२ मध्ये क्रोन्सचं वर्णन छापून आलं, पुढच्या दोन दशकांत सल्फासलाझीन आणि स्टिरॉइड आले. पण 'आतड्याला विश्रांती द्या' हा विचार औषधांच्या मागे कायम उभाच होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी शिरेतून पूर्ण पोषण देता येऊ लागलं, मग तर तोंडाने काहीच द्यायचं नाही यावरच भर. १९८८ मध्ये एका ट्रायलमध्ये काहींना फक्त शिरेतून, काहींना नळीने फॉर्म्युला (सगळे पोषक घटक असलेलं तयार द्रव अन्न), काहींना शिरेतून थोडं आणि बाकी जेवण असं देऊन पाहिलं, तर विश्रांतीचा वेगळा फायदा दिसला नाही. त्याआधी १९८४ मध्येच क्रोन्समध्ये नुसता फॉर्म्युला स्टिरॉइडच्या बरोबरीने चालतो असं दिसलं होतं, म्हणजे अन्न आतड्यातूनच जात होतं तरी सूज उतरत होती! लहान मुलांच्या क्रोन्समध्ये आज ६ ते ८ आठवडे फक्त फॉर्म्युला देतात ते यातूनच आलं, कोलायटिसमध्ये मात्र त्याचा तसा उपयोग होत नाही.

आता तो 'रेसिड्यू' शब्द. पचून उरलेलं ते रेसिड्यू, असं आपण धरतो आणि फायबर बंद करतो. पण शौचात फायबरशिवाय जंतू असतात, आतड्याच्या गळलेल्या पेशी असतात, पाझरलेला स्राव असतो. कुठल्या पदार्थाने किती उरतं हे मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. दुधात फायबर शून्य, तरी जुन्या याद्यांमध्ये दूध दिवसाला दोन कप, त्याहून जास्त नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ञांच्या एका संघटनेने शेवटी हे पथ्य आपल्या मॅन्युअलमधून काढूनच टाकलं, कारण व्याख्याच नाही. आणि १९८५ मध्येच इटलीत क्रोन्सच्या साधारण ७० पेशंटवर २९ महिने पाहिलं होतं, निम्मे या पथ्यावर, निम्मे नेहमीच्या जेवणावर, लक्षणं असोत, अ‍ॅडमिट होणं असो की ऑपरेशन, फरक नाही. इतकं जुनं असून ते कागदापर्यंत पोचलं नाही याचा मला अजून राग येतो.

२००५ मध्ये फॉडमॅप आलं, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबणाऱ्या काही साखरा कमी करायचं पथ्य. ते पुढे आयबीएससाठी (सूज नसतानाही पोट बिघडत राहतं तो त्रास) रुळलं, पण लोकांनी तेही याच कागदाला जोडलं. त्याने गॅस आणि फुगणं कमी होतं, सूज बरी होत नाही, शिवाय काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायचा असतो आणि बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत.

स्ट्रिक्चर असेल, म्हणजे आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, तर जपायलाच हवं यात वाद नाही, तिथे अडकण्याची भीती खरी आहे. पण हल्लीचा सल्ला फळं-भाज्या सरसकट बंद करण्यापेक्षा त्यांचं रूप बदलण्याकडे झुकतोय, सफरचंद असेल तर साल काढा, मऊ शिजवा, गाळून घ्या, आणि आजार शांत असताना, स्ट्रिक्चर नसताना हळूहळू नेहमीच्या खाण्याकडे या.

लो रेसिड्यू आज नीट बसतं ते कोलोनोस्कोपीच्या तयारीत. तेव्हा मिळणाऱ्या कागदावरही तेच दोन रकाने असतात, फक्त पथ्य कधी संपतं ते वर लिहिलेलं असतं.