जॉन बोट : घरगुती फेरबांधणी

जॉन बोट या सपाट तळाच्या लहान ॲल्युमिनियम नौकेत मालकाने स्वतःच डेक, कप्पे, बैठका व वीजजोडणी बसवून ती गळाच्या मासेमारीस सोयीची करण्याची अमेरिकेतील रीत. बहुतेक नौका १२ ते १६ फूट लांबीच्या असतात. नौकेच्या चार आकडी क्रमांकातील पहिले दोन आकडे सहसा फुटांतील लांबी आणि पुढचे दोन तळाची इंचांतील रुंदी सांगतात. १४३६ म्हणजे १४ फूट लांब, ३६ इंच रुंद तळाची.

जॉन बोटीचा उगम सामान्यतः मिसूरी व आर्कान्सा राज्यांतील ओझार्क डोंगराळ भागात, व्हाइट व जेम्स नद्यांच्या काठी मानला जातो. तेथील मूळ नौका लाकडी फळ्यांच्या, लांब व अरुंद होत्या. त्यांना ठरीव रूप देण्याचे श्रेय स्थानिक परंपरा गॅलिना (मिसूरी) येथील चार्ली बार्न्स यांना देते. मात्र चौकोनी टोकाच्या सपाट नौका अन्य नद्यांवरही होत्या, त्यामुळे एका व्यक्तीला जनकत्व देणे सावधपणाचे नाही. ॲल्युमिनियम आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ग्रमन या विमान कंपनीने १९४५ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद नौका) बाजारात आणल्या; मिनेसोटातील ॲल्युमाक्राफ्ट ही नौका कंपनी १९४६ ची. पुढे मिसूरीतील लेबनॉन हे गाव या धंद्याचे मोठे केंद्र बनले.

उंच डेक बांधण्याची प्रथा नेमकी केव्हा रुजली, याविषयी दोन स्पष्टीकरणे संभवतात. बुल शोल्स (१९५१) व टेबल रॉक (१९५८) या धरणांनी व्हाइट नदीचा मोठा भाग जलाशयाखाली गेला आणि उभे राहून गळ फेकणे सोयीचे ठरले, हे एक. दुसरे असे, की १९७८ मध्ये बास या माशाच्या मासेमारीसाठीची बास ट्रॅकर ही ॲल्युमिनियम नौका मोटर व ट्रेलरसह एकत्र विकली जाऊ लागली आणि साध्या नौकेच्या मालकांना नमुना मिळाला. दुसरे अधिक पटणारे आहे. घरगुती कामातील डेकची मांडणी कारखानी बास बोटीशीच जुळते.

फेरबांधणीची मर्यादा नौकेवरील क्षमतापट्टी ठरवते. २० फुटांहून लहान नौकांना ती १९७२ पासून बंधनकारक आहे. माणसे, मोटर व सामान मिळून किती वजन चालेल, हे तीत दिलेले असते. नंतर बसवलेला डेकही याच वजनात मोजावा. पाऊण इंची प्लायवुडची ४ × ८ फुटी फळी सुमारे ३० किलो भरते, अर्ध्या इंची २० ते २२. म्हणून पाऊण इंची प्लाय टाळून अर्ध्या इंचीला दर १२ ते १६ इंचांवर आधार देणे श्रेयस्कर. वजनापेक्षा उंची अधिक घातक ठरते. ३६ इंची तळाच्या नौकेत कडेच्या पातळीवर डेक घेतला, तर त्यावर उभा माणूस एका बाजूला झुकताच नौका कलंडू शकते; डेक बाकांच्या उंचीपर्यंतच ठेवावा.

मधले बाक कापून मोकळी जागा करण्याचा मोह सर्वांना होतो. पण बाक हा केवळ बसण्यासाठी नसतो. तो दोन्ही बाजूंना जखडून ठेवतो. तो काढला की बाजू फाकतात, तळ लाटांवर लचकतो आणि पत्रे जोडणारे रिव्हेट सैल होतात. काढायचेच असेल तर तळाच्या बरगड्यांना व बाजूंना जोडणारी अँगलची (काटकोनी धातुपट्टीची) चौकट आधी बसवावी, मग कापावे. बाकातला फोमही काढून टाकू नये. पाणी भरल्यावर नौका सपाट तरंगती ठेवणाऱ्या फोमची अट १९७८ पासून लहान मोटर नौकांना लागू आहे. घनफुटाला सुमारे एक किलो घनतेचा फोम घनफुटामागे जेमतेम २७ किलो भार पेलतो. हलवलेला फोम तितकाच दुसरीकडे, शक्यतो कडेला व उंच, बसवावा. पाणी शोषलेला फोम मात्र बदलावाच. पॉलिस्टायरीनचा फोम पेट्रोलने विरघळतो, म्हणून टाकीजवळ नको.

चौकटीसाठी १½ इंची, १/८ इंच जाडीचा ॲल्युमिनियम अँगल पुरतो. ३/१६ इंची रिव्हेटला ११ क्रमांकाचे ड्रिल लागते. जलरेषेखाली शक्यतो भोक पाडू नये. पाडल्यास बंद टोकाचे रिव्हेट सीलंट लावून बसवावेत. घरी वेल्डिंग टाळावे. तळाचा पत्रा सहसा ५०५२ या मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूचा व दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. तो सहज जळून भोक पडते आणि सांध्यालगत मऊ होतो.

सर्वात मोठी चूक लाकडाच्या निवडीत होते. कुजू नये म्हणून रसायन भरलेले लाकूड नौकेला योग्य वाटते, पण तेच पत्रा खाते. जुन्या रसायनात तांब्याबरोबर क्रोमियम व आर्सेनिक असे; २००३ अखेर घरगुती वापरातून ते बहुतांशी गेले आणि तांबे अधिक, क्रोमियम नसलेली रसायने आली. ओल्या लाकडातून सुटलेले तांबे ॲल्युमिनियमवर बसते, तेथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतात आणि धातू टोचल्यासारखा झिजतो. पांढरी भुकटी हे पहिले लक्षण. डेकवर घातलेल्या कार्पेटखाली ती दिसत नाही आणि कळते ते तळातून पाणी झिरपू लागल्यावर. (तळात पडून राहिलेले एक सेंटचे नाणेही हेच करते.) साधे बाह्य प्रतीचे प्लायवुड घेऊन सर्व बाजू, विशेषतः कडा व भोके, इपॉक्सीने बंद करणे हा उपाय पुरेसा आहे.

डेक बसवण्याआधी गळती तपासावी. नौका ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरतात आणि बाहेर ठिबकणाऱ्या जागा खुणावतात. १४३६ मध्ये दोन इंच पाणी म्हणजे जवळपास २०० किलो, तेव्हा आधार पाहूनच भरावे. सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट करणे हे वरून सीलंट थापण्यापेक्षा टिकाऊ.

५५ पौंड ओढीची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (मासेमारी करताना नौका हळू हलवणारी विजेची छोटी मोटर) पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेते. बॅटरी मागे व मोटर पुढे असल्यास १२ ते १५ फूट अंतरासाठी ४ गेज (जाडीचा क्रमांक) तार आणि बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो. ऋण तार स्वतंत्र न्यावी. मोटारगाडीप्रमाणे पत्र्याचाच ऋण तार म्हणून वापर केल्यास भटक्या विद्युतप्रवाहाने तळ झिजतो.

रंगापूर्वी पत्रा खरवडून लगेच एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर) द्यावा. तांबेयुक्त शेवाळरोधी रंग ॲल्युमिनियमला चालत नाही.