नजर सुधारली तरी डोळ्याचा दाब मोजायचाच

तासगावच्या एका काकांना मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. सांगलीत डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि महिन्याभरात ते पेपर वाचायला लागले. पुढच्या तपासणीची तारीख मात्र द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत बुडाली. "दुखत नाही, खुपत नाही, स्वच्छ दिसतंय. मग कशाला जायचं?" हे ऐकून राहवलं नाही.

बुबुळाच्या मागे एक पाण्यासारखा द्रव सतत पाझरतो, मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. पारदर्शक पटल आणि बुबुळ जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून तो बाहेर पडतो. त्या जाळीतल्या पेशी कचरा गिळून वाट मोकळी ठेवतात. स्टिरॉइड या पेशींत शिरलं की त्यांच्या जनुकांचं काम बदलतं. पेशीतले ॲक्टिनचे धागे एकमेकांत गुंततात, पेशी ताठरते, सफाई मंदावते, बाहेर प्रथिनांचा थर साचतो. पाणी तेवढंच येतं, निचरा मात्र अडतो आणि डोळ्यातला दाब चढतो. पुढे पाणी ओसरलं नाही की मागे फूग कशी चढते, हे कृष्णाकाठच्या माणसाला शिकवायला नको.

सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. डोळ्याचा नेहमीचा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर असतो, पण तो चढताना बहुधा काहीच जाणवत नाही. डोळ्यात डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची 0.7 मिलिग्रॅमची विरघळणारी कांडी सोडली असेल, तर दाब साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वांत वर जातो. म्हणूनच ती तारीख महत्त्वाची. बहुतेकांचा दाब थेंबांनी उतरतो. दमा असेल तर आधी सांगा, दाब उतरवणारे टिमोलॉलचे थेंब दमेकऱ्याला घातक ठरू शकतात. थेंबांनी भागलं नाही, तर लेझर किंवा शस्त्रक्रिया.

स्टिरॉइडने मोतीबिंदूही लवकर पिकतो, पण तो काढता येतो. दाबाने मेलेली डोळ्याची नस परत येत नाही. इंजेक्शननंतर काही दिवसांत डोळा दुखला, लाल झाला, नजर अंधुक झाली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा डोळ्यात मध, गुलाबपाणी घालत बसणं म्हणजे डोळा घालवणं.

काका मंगळवारी जाऊन आले. दाब 28 निघाला. थेंबांची बाटली आता त्यांच्या शुगरच्या गोळ्यांच्या डब्यात आहे, झाकणावर पेनने लिहिलंय: सकाळ, रात्र.